रोजच्या रामरगाड्यात प्रार्थना बसवायची कुठे?

वसईची_सून:
नमस्कार सगळ्यांना. लग्नाआधी माझं रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना), घरी संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना), ईस्टरआधीच्या उपवासकाळात रिट्रीट (प्रार्थनेसाठी एकांतवास), सगळं नेमाने व्हायचं. आता पहाटे उठून डबे, सासूबाईंना अर्धांगवायू झालाय त्यामुळे त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, मग धावतपळत चर्चगेट फास्ट लोकल आणि संध्याकाळी परत तेच. रोझरी हातात घेतली की अर्ध्यावरच डोळा लागतो. फादर प्रवचनात म्हणाले की तुमचं कामच तुमची प्रार्थना आहे, ऐकायला बरं वाटलं पण डायपर बदलताना मला त्यात प्रार्थनेसारखं काही वाटत नाही, कंबर दुखते आणि कधीकधी चिडचिडच होते. हे करायचं कसं? जे खरंच करतात त्यांनी सांगा प्लीज.

नगरकर_मास्तर:
सलाम ताई. तुम्हाला ब्रदर लॉरेन्स माहीत आहेत का? १७व्या शतकातले फ्रेंच गृहस्थ, आधी सैनिक, लढाईत जखमी झाले, नंतर पॅरिसच्या कार्मेलाईट संन्याशांच्या मठात गेले आणि तिथे वाट्याला काय आलं तर स्वयंपाकघर, ज्याचा त्यांना मुळातच कंटाळा होता. तरी तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर. त्यांची रीत अगदी साधी, काम हातात घेताना देवाशी दोन शब्द, मध्येच आठवण आली की दोन शब्द, झालं की आभार, आणि मन भरकटलं तर स्वतःला दोष देत न बसता परत वळायचं. महत्त्वाचं हे की पहिली दहाएक वर्षं त्यांनाही फार जड गेली असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे तुम्हाला काही वाटत नाही याचा अर्थ तुमचं चुकतंय असा मुळीच नाही. आपल्याकडे सावतोबांना मळ्यातच विठ्ठल भेटला, ते आणि हे फार लांबचं नाही. आपल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली ती उगाच नाही.

रात्रपाळी:
ताई मी आयसीयूत नर्स आहे, तेव्हा माझं जरा हातचं सांगते. प्रत्येक बेडकडे जायच्या आधी हात धुवावेच लागतात, तेवढ्या वेळात मी त्या पेशंटचं नाव मनात घेते आणि म्हणते प्रभू, यांच्याजवळ चल. बस एवढंच. मग पेशंटला सांगायचं की आजी आता तुम्हाला डावीकडे वळवते हं, त्यांना बोलता येत नसलं तरी सांगायचं, कारण न सांगता हात लावला की माणसाची वस्तू होते. कूस दर दोन तासांनी बदलायची असते ती बेडसोअर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून, तर वळवल्यावर टाचा आणि माकडहाड उजेडात नीट बघा, कुठे लाल झालंय का, बोटाने दाबल्यावर लाली जाते की तशीच राहते. तशीच राहिली तर त्या बाजूवर वजन देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. हे बघणं हीच माझी प्रार्थना आहे, मी खरंच सांगतेय. बायबलमध्ये मत्तय २५ मध्ये प्रभू म्हणतो मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात, तिथे त्या लोकांना तरी कुठे कळलं होतं की तो प्रभू आहे? त्यांनाही काही विशेष वाटलं नव्हतंच. चिडचिड झाली तर तीही त्यालाच सांगा, स्तोत्रांमध्ये देवावर केवढं चिडलेत लोक.
आणि कंबरेसाठी, पलंग खाली असेल तर पायांखाली ठोकळे लावून उंच करून घ्या, हलणार नाहीत असे भक्कम लावा.

पाळकाचा_मुलगा:
वरचं सगळं पटतं पण मला एक बोलायचंय. काम हीच प्रार्थना हे वाक्य घरातल्या बाईला फार पटकन ऐकवलं जातं आणि मग तिला मदत करायची कुणालाच गरज वाटत नाही. मार्क १:३५ वाचा, सगळं गाव दारात जमलं होतं आदल्या संध्याकाळी, तरी येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला, शिष्य शोधत आले सगळे तुला शोधतायत म्हणून. त्यालाही तो वेळ लागत होता. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत तर दासदासी आणि गुरांनाही विसावा सांगितलाय. तेव्हा ताई, नवऱ्याला आणि दिराला स्पष्ट सांगा की आठवड्यातला ठरलेला वेळ आईजवळ तुम्ही बसायचं. सेवा त्यांचीही आहे. तुमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीतही विचारा, घरी येऊन बसणारी माणसं मिळतात.

लोकलमधला_भाऊ:
ट्रेनचा वेळ आहे ना तुमच्याकडे. येशूसंघ या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचं दिवसाचं परीक्षण करून बघा, आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस सकाळपासून आठवत यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा आणि उद्यासाठी कृपा. डोळे मिटून उभ्याउभ्याही होतं. त्यांनी १५५१ च्या एका पत्रात शिकणाऱ्या तरुण येशूसंघीयांना लांब ध्यानधारणा न करता बोलण्यात, चालण्यात, खाण्यात देव शोधायला सांगितलंय, म्हणजे वेळ नसणाऱ्यांचा विचार त्यांनी तेव्हाच केला होता.

वसईची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे, वाचताना रडू आलं. रात्रपाळीताई, टाच बघितली, थोडी लाल आहे, दाबल्यावर जाते. पाळकाच्या मुलाची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली, येत्या रविवारी तो घरी थांबणार आणि मी मिस्साला जाणार असं ठरलंय. भाऊ, ते परीक्षण जरा सविस्तर लिहाल का, दादरनंतर बसायला जागा मिळते मला.