हॅरी पॉटरचा चौथा भाग नऊ वर्षांच्या मुलीला दाखवू का?

लेकीची_आई: सुट्टीत लेकीसोबत पहिले दोन भाग बघितले, ती तर वेडीच झालीये, लाटणं फिरवत घरभर 'विंगार्डियम लेविओसा' हा त्यातला जादूचा मंत्र चालू असतो, मलाही मजा आली खरंतर. पण तिसऱ्यात ते डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे काळे बुरखेवाले, आले आणि रात्री बाईसाहेब माझ्या कुशीत, दिवा चालू ठेव म्हणे. आणि आता चौथा लाव म्हणून मागे लागलीये!! काय करू?

भुईमूग: थांबा थोडं. 2005 चा तो, शेवटी हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मरतो, खलनायक व्होल्डेमॉर्ट परत येतो, तिथून पुढे सगळा अंधारच. अमेरिकेत पहिल्या तिन्हींना पीजी (पालकांनी बघून ठरवा) होतं, याला पीजी-13 (तेराच्या आतल्यांसाठी पालकांनी जास्त जपा) दिलं ते उगाच नाही.

जुना_वाचक: आधी पुस्तक द्या की हातात, मराठीतही आहे. भीती वाटली की पोरं मिटून ठेवतात, पिक्चरमध्ये ती सोय नाही.

लेकीची_आई: पुस्तकाचं पटलं. पण गंमत सांगू का, मला त्या जादूचं काही नाही वाटत, जिन्याखालच्या कपाटात झोपणारं ते अनाथ पोर बघून माझ्याच पोटात कालवतं, आणि ही तिकडे हॅरीच्या जाड्या मावसभावाला, डडलीला बघून खिदळत असते.