कोयनेत बुडालेल्या गावातली वंशावळ शोधायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, कोयना धरणात गेलं. 1960 च्या आसपास गावं उठली तेव्हा आमच्या लोकांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात म्हणजे आताच्या रायगडात जमीन मिळाली, काही भावकी सांगली-सोलापूरकडे गेली आणि मग कोण कुठे याचा पत्ताच राहिला नाही. आजी आता नव्वदीच्या पुढे आहे, तिला सासऱ्यांचं आणि आजेसासऱ्यांचं नाव सांगता येतं, त्याच्या वरचं काहीच नाही. तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतेय, पण ती "वरल्या आळीचा", "अमक्याची थोरली" असंच सांगते, नावं कमी न नातीच जास्त.

घरात कागद म्हणाल तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि इकडच्या जमिनीचा सातबारा, बस. एक तांब्याचा हंडा आहे, काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलंय, पणजोबांचं, वडिलांच्या नावासकट, पुढे गावाचं नाव. ते अजून स्वच्छ वाचता येतं.

जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये म्हणजे कोतवाल बुकात असतात आणि ती बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असतात, एवढं समजलंय. कुणबी नोंदी शोधताना 2023 पासून बऱ्याच जिल्ह्यांनी अशी जुनी पानं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली, तीही चाळतेय, पण बरीचशी मोडी लिपीत आहेत. आता बुडालेल्या गावांची बुकं मेढ्यालाच (जावळीच्या तहसीलला) राहिली का साताऱ्याला गेली? एका ऑफिसात विचारलं तर "गावच नाही तर दप्तर कुठलं" म्हणून वाटेला लावलं, फार वाईट वाटलं. आणि धरणासाठी जमिनी घेतल्या त्याच्या निवाड्यात खातेदारांची नावं असणारच ना, त्याची नक्कल मिळवायला अर्ज भूसंपादनकडे करायचा का पुनर्वसनकडे?

शिवाय त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, गाव न आडनाव सांगितलं की जुन्या वह्या काढून दाखवतात म्हणे. आमच्या भागातलं कोणी तिथे जाऊन बघून आलंय का?

जावळी, पाटण, महाबळेश्वरकडून उठलेल्या कोणी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. साताऱ्यात मोडी वाचणारं कोणी माहीत असेल तरी सांगा, मानधन देईन.