प्रतिसाद: समृद्धीचा किलोमीटरमागचा खर्च

वर कुणीतरी समृद्धी महामार्गाचा हिशेब मांडलाय: ७०१ किमी, सुमारे ५५ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला ७८ कोटी, म्हणून उधळपट्टी. भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा. वाशीमचं सपाट रान आणि कसारा घाट एका तराजूत कसे तोलणार? शेवटच्या इगतपुरी-आमणे या ७६ किमीच्या टप्प्यात पाच बोगदे आहेत, त्यातला एक जवळपास आठ किमीचा! शिवाय रस्ता सहापदरी. तुलना करायचीच तर पदर-किलोमीटरमागे करा, आणि भूसंपादन वेगळं काढा.

मला खरी उधळपट्टी मुंबई-गोवा रस्त्यात दिसते. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. कंत्राटदार बदलतात, केलेलं काम पुन्हा उखडतात, आणि गणपतीला चाकरमान्यांचे जे तास खड्ड्यांत जातात (आमचेही गेलेत, दरवर्षी) ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत. किलोमीटरचा दर इथे कमी दिसेलही. वेळेचा, अपघातांचा आणि पुढच्या दहा वर्षांच्या डागडुजीचा खर्च धरला तर चित्र उलटं होईल. समृद्धीवरही १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस जण गेले, तेव्हा सुरक्षेचा रकाना तिथेही भरावा लागेलच.