आधीपासून मधुमेह असेल तर बाळात व्यंग नेमकं कधी तयार होतं?

शहादा_उपकेंद्र: नमस्कार. आशाताईंना शिकवायचं आहे, म्हणून नेमकं विचारते. बऱ्याच बायांची शुगर गरोदर नोंदणीलाच पहिल्यांदा तपासली जाते, म्हणजे दहाव्या-बाराव्या आठवड्यात. तेव्हा उपचार सुरू करून व्यंग टळतं का? गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहालाही हाच धोका सांगायचा का?

तापीकाठ: ताई, तोवर उशीर झालेला असतो. मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कापूस वेचणाऱ्या बाईला ते ध्यानातही येत नाही. हृदयाचे कप्पेसुद्धा पाळीच्या हिशेबाने दहाव्या आठवड्यापर्यंत पडून गेलेले असतात.

आईची साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही, आणि बाळाचं स्वादुपिंड अजून इन्सुलिन सोडत नसतं. कोवळ्या पेशींत साखर बेसुमार शिरते आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणारा रासायनिक ताण, वाढतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की त्याने पॅक्स-३ हे जनुक दबतं, नळी मिटवणाऱ्या पेशी मरतात आणि नळी उघडी राहते. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या वेगळ्या करायला ज्या पेशी सरकत येतात, त्या या नळीच्या कडेच्याच. म्हणून पाठीवरची गाठ (नळी उघडी राहिल्याने येणारी) आणि हृदयाचे दोष ही या आजाराची मुख्य व्यंगं. कमरेखालचा मणका न बनणं फार दुर्मिळ, पण तसं दिसलं तर आधी आईची शुगर बघा.

एरवी शंभरात दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतं. आधीपासून मधुमेह असेल तर हे प्रमाण दुप्पट ते चौपट होतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) १० टक्क्यांच्या वर असेल तर शंभरात २० च्या घरात जातं. ६.५ च्या खाली आणून मग दिवस राहू दिले, तर धोका जवळपास इतरांइतकाच उरतो. म्हणून हे काम पात्र जोडप्यांच्या (मूल होण्याच्या वयातल्या) नोंदवहीपासून सुरू व्हायला हवं.

गरोदरपणातला मधुमेह बहुधा २४ आठवड्यांनंतर येतो. तोवर अवयव बनलेले असतात. त्यात बाळ मोठं होणं आणि जन्मल्यावर त्याची साखर घसरणं, हे सांगा. पण पहिल्याच भेटीत उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर तो जुनाच मधुमेह समजा.

सातपुडा_लॅब: एक गोष्ट राहिली, आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटं कमी येतं. उलट लोह कमी असेल तर खोटं जास्त. अशा बाईचा ६.२ चा रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नका. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत आहे का, ते बघा. बोट साबणाने धुवून, कोरडं करूनच टोचा. फळ सोललेला हात नुसता स्पिरिटने पुसला तर आकडा भलताच वाढतो.

शहादा_उपकेंद्र: धन्यवाद दादा. गोळ्यांचं काय? आणि सातव्या आठवड्यात आली, साखर २४० असेल, तर?

तापीकाठ: दिवस राहण्याआधी निदान महिनाभर फोलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम रोज, ते बाराव्या आठवड्यापर्यंत. लोहाच्या लाल गोळीत ते फक्त ५०० मायक्रोग्रॅम असतं, ती याची जागा घेत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन (रक्तदाबाच्या), स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन (साखरेच्या) या गोळ्यांची बदली डॉक्टरांकडून आधीच करून घ्या. मेटफॉर्मिन चालू राहू शकतं, गरजेला इन्सुलिन. डोळ्यांचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.

सातव्या आठवड्यात आली तर त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवा. तिने भीतीने गोळ्या-इन्सुलिन सगळंच बंद केलेलं असतं, ते सर्वात घातक. ११ ते १३ आठवड्यांत पहिली सोनोग्राफी. त्यात कवटी न बनणं दिसतं, हृदय बहुधा दिसत नाही. १८ ते २० आठवड्यांत व्यंगांची सोनोग्राफी, त्यानंतर २०-२२ च्या सुमारास बाळाच्या हृदयाची वेगळी इको (फक्त हृदयाची सोनोग्राफी). साध्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे ठीक दिसूनही रक्तवाहिन्यांची अदलाबदल सुटू शकते, म्हणून चिठ्ठीवर ‘आईला जुना मधुमेह’ हे शब्द ठळक लिहा. इको २४ आठवड्यांच्या आतच व्हायला हवी. त्यानंतर गंभीर व्यंग निघालं तर गर्भपाताची परवानगी वैद्यकीय मंडळाकडून घ्यावी लागते.