मदत हवी आहे : दुनळी बंदूक जुनी घ्यावी की नवी?

नमस्कार मंडळी. परवाना झालाय, क्ले शूटिंगसाठी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) बारा बोअरची दुनळी घ्यायची आहे. ठरत नाहीये ते एवढंच, वापरलेली की कोरी?

एक जुनी बघून आलो. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड असलं देखणं, की हातातून ठेववेना! पण उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, थोडं पुढे बारीक काळे ठिपके दिसले. विकणारा म्हणतो, 'मळ आहे, ब्रशने निघेल.' मला तर तो गंजाचा खड्डाच वाटतोय. बंदूक मिटवून पुढचा लाकडी भाग काढला आणि हलवून पाहिली, तर बिजागरीत किंचित खुळखुळ जाणवली. बंदूक उघडायचा वरचा खटकाही मधोमध येऊन बसतो. नव्या बंदुकीत तो जरा उजवीकडे असतो ना?

खरी भीती चेंबरची. जुन्या बंदुकांचं चेंबर बरेचदा ६५ मिमीचं असतं आणि हल्लीची काडतुसं सर्रास ७० मिमीची. लांब काडतूस आत आरामात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. या नळीवरचे चेंबरचं माप सांगणारे छाप पुसट झालेत, वाचताच येत नाहीत.

नवीत ही कटकट नाही, पण त्या बजेटमध्ये लाकूड अगदीच फळकुटासारखं मिळतंय.

गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) चेंबर, चोक (नळीच्या तोंडाशी असलेली आवळण) आणि नळीची जाडी मोजून घेतली तर जुनीचा विचार करावा का? की खुळखुळ दिसली तिथेच हात जोडायचे? कुणी बिजागरी घट्ट करून घेतली असेल तर ती किती टिकली, तेही सांगा.