हाँगकाँगच्या देवळातलं भविष्य: थोतांड की चार शहाण्या गोष्टी?

गुहागरकर:
मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला होतो, शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला म्हणून वाँग ताई सिनच्या देवळात गेलो, मेट्रोतून वर आलं की समोरच आहे. तिथे 100 काठ्या भरलेला बांबूचा डबा घेऊन गुडघ्यावर बसायचं, मनात प्रश्न धरायचा आणि एक काठी बाहेर पडेपर्यंत हलवत राहायचं. दोन पडल्या तर परत पहिल्यापासून. माझ्या तीनदा दोन-दोन पडल्या, शेवटी शेजारच्या आज्जींनी डबा किती तिरका धरायचा ते हात धरून दाखवलं. मग काठीचा नंबर घेऊन बाजूच्या गाळ्यांत जायचं, तिथे अर्थ सांगणारे बसलेले असतात. माझ्या वाट्याला साठीची बाई आली, चष्मा दोरीने गळ्यात, टेबलावर कॅल्क्युलेटर. विचारलं, गावचं घर विकू का? तिने नंबराची चिठ्ठी वाचली, त्यावर एक कविता असते, आणि अर्थ सांगायचा सोडून मोडक्या इंग्लिशमध्ये मलाच विचारते, "तिथे झाडतं कोण?" म्हटलं, काका. "मग त्याला विचार की." 50 हाँगकाँग डॉलर घेतले आणि पुढच्याला बोलावलं. ना खडा, ना शांत, ना ताईत. ह्याला फसवणूक म्हणवत नाही बुवा मला.

तर्कट:
अहो 50 डॉलर म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आसपास गेले की! चाळिशीचा भारतीय माणूस, गावचं रिकामं घर, म्हणजे कुणीतरी काका-शेजारी बघत असणारच, त्यात कसलं आलंय दिव्य ज्ञान. नारळीकर सरांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती, 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी जास्त आली असती.

गुरवाची_सून:
पण तिने सांगितलं काय? काहीच नाही! पत्रिकेचा मुद्दा इथे कुठे बसतो? आमच्याकडे देवाला कौल लावतात तेच हे, पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून. फरक एवढाच की गाऱ्हाणं घालणाऱ्याला अख्ख्या गावाची भानगड आधीच ठाऊक असते (सासऱ्यांना सांगू नका), त्या बाईला ह्यांचं काहीच माहीत नव्हतं. तरी नेमकं बोट ठेवलं.

एकटा_टायगर:
तिथे सार्वजनिक पातळीवर पण चालतं हो हे. चायनीज नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी च्ये कुंगच्या देवळात अख्ख्या हाँगकाँगसाठी काठी काढतात. 2003 ला 83 नंबरची निघाली, एकदम वाईटातली, आणि त्याच महिन्यात सार्स हा साथीचा आजार शहरात पोचला, 299 माणसं गेली. आता बोला.

तर्कट:
बोलतो. वाईट काठी आणि वाईट वर्ष जुळलं म्हणून ते तुमच्या लक्षात राहिलं. चांगली काठी निघून वाट लागली ती वर्षं कोण मोजतंय? आणि सार्स काठीने नाही आला, हॉटेलात उतरलेल्या एका आजारी पाहुण्याबरोबर आला. उद्या कुणी ताप अंगावर काढून काठ्या हलवत बसला तर?

गुरवाची_सून:
डॉक्टर सोडून देवळात जा असं कुणी म्हणलंय का इथे? घर विकायचा प्रश्न आहे, अपेंडिक्सचा नाही.

पोपटवाला:
हाँगकाँगलाच टेंपल स्ट्रीटवर पिंजऱ्यातला पक्षी चिठ्ठी उचलून भविष्य सांगतो, आपल्या जत्रेतल्या पोपटासारखंच. तो तरी बिचारा झाडू वगैरे विचारत नाही 😄

गुहागरकर:
सगळ्यांना एकदम. विमानतळावरूनच काकाला फोन लावला. म्हणाला, "अरे विकून टाक, माझी कंबर गेली, आठ वर्षं वाट बघतोय तू कधी विचारतोस त्याची." मला वाटायचं त्याचाच जीव अडकलाय त्या घरात, म्हणून विषयच काढत नव्हतो.

तर्कट:
हा फोन पुण्यातून फुकट लागला असता.

गुहागरकर:
लागला असता. आठ वर्षांत लावला नाही ना.

एकटा_टायगर:
गाळा नंबर किती होता? डिसेंबरात चाललोय.

गुहागरकर:
बघितला नाही राव, काठीचा नंबरही विसरलो. घराचा आकडा मात्र काका रोज कळवतोय.