'द मंकीज'चा सर्वांत संस्मरणीय भाग कोणता?

पूर्वरंग:

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर १२ सप्टेंबर १९६६ ते २५ मार्च १९६८ या काळात प्रथम दाखवल्या गेलेल्या 'द मंकीज' या विनोदी मालिकेच्या ५८ भागांतून एकच निवडायचा असेल, तर मी 'द डेव्हिल अँड पीटर टॉर्क' हा भाग निवडेन. बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी जाहिरात देऊन व चाचण्या घेऊन डेव्ही जोन्स, मिकी डोलेन्झ, मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क या चौघांचा बँड मालिकेसाठी जमवला होता. पहिल्या दोन अल्बमांत आवाज त्यांचे असले, तरी वाद्ये बहुतांशी स्टुडिओतील व्यावसायिक वादकांनी वाजवली होती. ते उघड झाल्यावर हे खरे वादकच नाहीत, असा ठपका त्यांच्यावर बसला आणि पुढे अनेक वर्षे पुसला गेला नाही.

५ फेब्रुवारी १९६८ रोजी दाखवलेल्या या भागात पीटर एका दुकानातील सोनेरी हार्पच्या, म्हणजे उभ्या मोठ्या तंतुवाद्याच्या, मोहात पडतो आणि दुकानदार मिस्टर झीरोच्या करारावर सही करतो. हा झीरो म्हणजे प्रत्यक्ष सैतान. हार्प वाजू लागते, बँडला यश मिळते, आणि मग सैतान पीटरचा आत्मा मागायला येतो. प्रकरण न्यायालयात जाते. तेथे नेस्मिथ मांडतो की पीटरला वाजवण्याची शक्ती सैतानाने दिलेलीच नाही. संगीतावरचे प्रेम त्याच्या ठायी आधीपासून होते, त्याला स्वतःवर विश्वास नव्हता एवढेच. त्यानंतर सैतानाने आपली देणगी काढून घेतलेली असतानाही पीटर वाजवतो. चौघांवर होणाऱ्या आरोपाला मालिकेने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. विशेषतः ते पीटरच्या वाट्याला यावे यात मोठे औचित्य आहे, कारण न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज या भागात बँजो व गिटार घेऊन गाणारा हा वादक मालिकेत मात्र भोळसट मुलाची भूमिका करत होता.

खर्ज:

कथेतील न्यायालयाने कथेतील पात्राला निर्दोष ठरवले, यावरून खऱ्या वादकांविषयी काय सिद्ध होते? तो निकाल पटकथाकारांच्या हाती होता. आरोपाला खरे उत्तर हवे असेल तर ते २४ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेल्या 'मंकीज ऑन टूर' या भागात आहे. त्यात कथानक नाही. स्वतः राफेल्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात २१ जानेवारी १९६७ रोजी ॲरिझोनातील फिनिक्स येथे झालेला कार्यक्रम दिसतो, आणि तेथे हे चौघे आपली वाद्ये आपणच वाजवत आहेत. पीटर एकटा पुढे येऊन बँजो वाजवतो. चौघांनी मुख्यत्वे स्वतः वाजवलेला 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम त्यानंतर मे १९६७ मध्ये आला. म्हणजे प्रेक्षकांसमोर ते आधीच उभे राहिले होते. आठवड्यामागून आठवडे रचलेला विनोद दाखवणाऱ्या मालिकेने एक संपूर्ण भाग अशा चित्रणाला द्यावा, हे त्या काळात धाडसाचे होते असे माझे ठाम मत आहे.

पूर्वरंग:

त्या भागाचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु फिनिक्सच्या सभागृहात मुलींच्या किंकाळ्यांखाली निम्मे संगीत बुडून गेले आहे, त्यामुळे वादनाचा पुरावा म्हणून तो भाग तुम्ही म्हणता तितका भक्कम नाही. शिवाय लक्षात राहण्यासाठी कथा लागते. हार्पपाशी बसलेला पीटर मला आठवतो; फिनिक्सचा गोंगाट एकसंधपणे आठवत नाही.

समेवर:

आपण दोघेही मालिकेला प्रतिज्ञापत्रासारखे वाचत आहात. हे वाजवू शकतात की नाही, हा प्रश्न १९६७ च्या उत्तरार्धात त्यांच्यापुरता सुटलेला होता. त्याहून मोठे काम त्यांनी हाती आलेल्या वेळेचे काय केले, हे आहे, आणि त्यासाठी 'द फ्रोडिस केपर' हा अखेरचा भाग पाहावा लागतो. डोलेन्झ यांनी तो दिग्दर्शित केला आणि त्याच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील डोळ्याने प्रेक्षकांना जागच्या जागी थिजवून टाकणारा खलनायक, ही कल्पनाच एखाद्या मालिकेने स्वतःच्या माध्यमाविषयी उच्चारलेले विलक्षण निर्भीड वाक्य आहे. आणि कथा संपल्यावर टिम बकली नावाचा तरुण गायक एकटा गिटार घेऊन बसतो व 'साँग टू द सायरन' गातो. ते गाणे त्याच्या अल्बमवर १९७० मध्ये आले. अमेरिकेतील घराघरांत ते त्याआधी दोन वर्षे ऐकू गेले होते.

खर्ज:

बकलीचे गाणे अविस्मरणीय आहे, याविषयी दुमत नाही. मात्र ते भागाच्या कथेशी जोडलेले नाही. पाहुण्याच्या गाण्याचे श्रेय भागाला देणे मला न्याय्य वाटत नाही.

समेवर:

पाहुण्याला बोलावण्याचा निर्णय हेच त्यांचे कर्तृत्व होते, आणि तो एकदाच घडला नाही. ४ मार्च १९६८ च्या भागाअखेरीस डेव्ही पियानोपाशी संगीतकार चार्ली स्मॉल्स यांच्यासोबत बसतो आणि तालातला जोर कुठे पडतो यावर दोघे बोलतात. ११ मार्चच्या भागात रॉक संगीतकार फ्रँक झापा नेस्मिथचे रूप घेऊन येतात आणि नेस्मिथ झापांचे. २५ मार्चला बकली. मालिकेचे शेवटचे आठवडे सुरू असताना, ज्यांना खोटे वादक म्हणून हिणवले जात होते त्यांनी आपल्या वाट्याची मिनिटे इतर संगीतकारांना दिली. हार्पच्या कथेत पीटरच्या बाजूने जो युक्तिवाद नेस्मिथ करतो, तो मला या तीन भागांत प्रत्यक्ष आचरणात आलेला दिसतो.